मोजलं वेधशाळेत, कळलं पाण्यात
नागपूर, २२-२३ सप्टेंबर २०२३

शुक्रवार, रात्र : महालक्ष्म्यांच्या पूजनाचा दिवस. जेवणं आटोपून घरं उशिरा निजली. अंबाझरी तलाव काठोकाठ. त्याच्या सांडव्याला तेव्हा दरवाजे नव्हते; पाणी माथ्याशी आलं की सरळ नाग नदीत उतरायचं.

शनिवार, पहाटे २ : मुसळधार पाऊस. पुढच्या दोन तासांत सुमारे ९० मिलिमीटर. स्वयंचलित इशाऱ्याचं काम इथूनच सुरू व्हायला हवं. तलावावर आणि पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, ठरलेली रेषा ओलांडताच पुलाच्या दोन्ही तोंडांना लाल दिवे, फलकावर ‘रस्ता बंद’ आणि आडवं येणारं फाटक. त्यासाठी कुणा साहेबाला झोपेतून उठवावं लागत नाही.

पहाटे ४ : तलाव ओसंडला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट. अनेकांना जाग आली ती घरात शिरलेल्या पाण्यानेच.

पहाटे ५.३० : विमानतळावर १०६ मिलिमीटरची नोंद. तोवर सीताबर्डीचा सखल भागही बुडू लागलेला. मोरभवन स्थानकात एसटी गाड्या पाण्यात. रस्ता कुठे संपतो नि नदी कुठे सुरू होते, हे गाडीच्या दिव्यांत दिसत नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं.

सकाळ : एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्या उतरल्या. शाळांना सुट्टी. मूकबधिर शाळेतल्या सुमारे ४० मुलांना सुखरूप बाहेर काढलं. भोंगा वाजला असता तरी त्यांना ऐकू आला नसता. लाल दिवा मात्र दिसला असता.

नंतरचा हिशेब : चार बळी, सुमारे दहा हजार घरांत पाणी, पंचशील चौकातल्या पुलाची हानी. घरटी दहा हजारांची मदत जाहीर झाली.

पाऊस अचानक आला, हे खरं. पण दोन वाजल्यापासून तलाव ओसंडेपर्यंत दोन तास हातात होते. मुंबईत २०२०पासून ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा आहे. पण वॉर्डाचा अंदाज संगणकावर उमटला म्हणून पुलाशी आलेला ऑटोवाला थांबत नाही. त्याला थांबवायला त्या पुलावरच दिवा हवा. महापालिकेने नाग नदीच्या प्रत्येक सखल पुलावर तो लावावा. आणि लागेपर्यंत, पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर गाडी वळवा.