पेटी उघडणारे मास्तर

सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं की मुलं शाळेत येतात, अक्षरं गिरवतात, चार-पाच इयत्ता पुढे जातात. मग शाळा सुटते, हाती नांगर किंवा चूल येते, आणि घरात छापील कागद म्हणून पंचांगसुद्धा नसेल, तर दहा वर्षांत शिकलेलं सगळं पुसून जातं. बडोदा संस्थानाला हा प्रश्न हिंदुस्थानातल्या इतर कोणाच्याही आधी पडला, कारण सक्तीचं शिक्षणही तिथेच आधी आलं. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग झाला आणि 1906 मध्ये सक्तीचा कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. 1911 च्या जनगणनेत बडोद्यातले जेमतेम एक दशांश लोक साक्षर होते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती पुढे काय द्यायचं, याचं उत्तर दरबाराने शोधलं ते गावोगावच्या वाचनालयांत.

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड स्वतः उशिरा वाचायला शिकलेले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक घेतला गेला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे पुस्तकांचा नाद असा लागला की लक्ष्मीविलास राजवाड्यातला सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह त्यांनी सार्वजनिक वाचनालयासाठी काढून दिला. मात्र ग्रंथ देणं हे राजाला सोपं असतं. ते वाचकापर्यंत नेणारा माणूस तयार करणं अवघड, आणि बडोद्याचं वेगळेपण इथेच सुरू होतं.

महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी तिथला एक ग्रंथपालच बडोद्याला आणला. विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन हे कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल. बॉस्टनमध्ये चार्ल्स कटर यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि मेल्व्हिल ड्यूई यांनी 1887 मध्ये कोलंबिया कॉलेजात काढलेल्या जगातल्या पहिल्या ग्रंथपाल-शाळेत शिकवलंही होतं. (त्याच कोलंबियात 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर पोहोचले. संस्थानाची न्यूयॉर्ककडची ये-जा दोन्ही बाजूंनी चालली होती असं म्हणायला हरकत नाही.)

बोर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धती जुळवून बडोद्यासाठी निराळं वर्गीकरण बसवलं, कपाटं वाचकांना खुली केली. या सगळ्यापेक्षा मोलाचं काम त्यांनी 1911 मध्ये केलं. ते म्हणजे ग्रंथपालनाचा वर्ग. हिंदुस्थानात हे शास्त्र पद्धतशीर शिकवणारा तो पहिला वर्ग. लाहोरला पंजाब विद्यापीठात डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने असा वर्ग घेतला तो 1915 मध्ये, आणि मद्रासला रंगनाथनांचा वर्ग सुरू झाला तो त्यानंतर आणखी दीड दशकाने. ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात रंगनाथनांचं नाव मोठं, आणि ते योग्यच आहे. पण बडोद्याचा वर्ग तळटिपेत ढकलला जातो, हे मात्र खटकतं.

वर्गात शिकलेली मंडळी घरी बसली नाहीत. 1912 मध्ये बडोदा लायब्ररी क्लबतर्फे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघालं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघणारं हे नियतकालिक ग्रंथालय-व्यवसायाला वाहिलेलं देशातलं पहिलं. आज ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ म्हटलं की प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येतं. त्या काळी दूर खेड्यातल्या वाचनालय चालवणाऱ्याला दर तीन महिन्यांनी आपल्या भाषेत, आपल्याच धंद्यातलं काहीतरी वाचायला मिळणं हेच निम्मं प्रशिक्षण होतं. 1919 पर्यंत ते चाललं. बोर्डन यांच्यानंतर ग्रंथालय खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. संस्थानाच्या ग्रंथालय चळवळीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक 1919 चं. पुढे न्यूटन मोहन दत्त आले. त्यांचं ‘बडोदा अँड इट्स लायब्ररीज’ 1928 चं.

खेड्यात वाचनालय चालवत कोण होतं? बहुतेक ठिकाणी शाळेतले मास्तरच. वाचनालयाला वेगळी इमारत नसेल तर शाळेचीच एक खोली, आणि दिवसा बाराखडी घेणारा माणूस संध्याकाळी पुस्तकांची देवघेव करी. या बाबतीत दरबाराच्या आधी एका शिक्षकाने पाऊल टाकलं होतं. पेटलादला शिकवणारे मोतीभाई अमीन यांनी 1906 च्या सुमाराला ‘मित्रमंडळ’ नावाने छोटी छोटी वाचनालयं उभी करायला सुरुवात केली. गावातल्या मंडळींनी वर्गणी काढायची, पुस्तकं, वर्तमानपत्रं एकत्र मागवायची, आळीपाळीने वाचायची. खात्याने पुढे मोतीभाईंनाच आपल्यात घेतलं आणि खेड्यांच्या वाचनालयांचं काम त्यांच्या हाती दिलं. लोकांचं काम ओळखून सरकारने त्याच माणसाला बोलावणं, हे आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

पैशांची घडीही साधी होती. गावाने जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने, असा तिहाई हिशेब. त्यामुळे वाचनालय वरून लादलेलं नव्हतं आणि गावाच्या खिशावर सगळा भारही नव्हता. 1930 च्या दशकापर्यंत संस्थानातल्या वाचनालयांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली.

जिथे कायमचं वाचनालय नव्हतं तिथे फिरत्या पेट्या जात. लाकडी पेटी, तिच्यात पंधरा ते तीस पुस्तकं. पेटीचं वाहतूक-भाडं सरकार भरी, वाचकाला फुकट. गाव ती काही आठवडे ठेवून घेई आणि मग ती दुसरीकडे रवाना होई. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी दृश्यशिक्षण शाखा: मॅजिक लँटर्नच्या काचेच्या पट्ट्या, दुहेरी चित्रांचे स्टिरिओस्कोप आणि चक्क सिनेमाचं यंत्र. खेड्यातल्या माणसाला पडद्यावर हलणारं जग दाखवणारं खातं वाचनालयाचं असावं, यात गंमत आहे. शिवाय 1912 मध्ये महाराजांनी देशी भाषांतल्या ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यातून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या, गुजरातीत आणि मराठीतही. पेटी पाठवायची तर आत भरायला काही हवं, एवढं भान त्यामागे होतं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता, बसायला जागा होती, खेळायचं सामान होतं.

या ग्रंथालयाची मांडवीजवळची आजची इमारत 1931 ची. आतली लोखंडी कपाटं अमेरिकेतल्या स्नीड कंपनीची आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून. पाहुण्यांना ती काच कौतुकाने दाखवली जाते. मास्तरांना ग्रंथपालन शिकवणारे वर्ग मात्र कुठेच दिसत नाहीत, कारण वर्गाला इमारत लागत नव्हती. वर्ग बडोद्यातही भरत आणि प्रांतांतही. पुढे बाहेरच्या संस्थानांतूनही माणसं शिकायला आली.

1949 मध्ये संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि 1956 मध्ये तिथे ग्रंथालयशास्त्राचा विभाग निघाला. शिक्षण अधिक खोल, अधिक शास्त्रीय झालं, यात शंका नाही. पण त्याचा मोर्चा महाविद्यालयं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांकडे वळला. गुजरातेतच ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र आहे, अहमदाबादेत सुरू होऊन आता गांधीनगरला. देशभरच्या विद्यापीठांना ऑनलाइन संशोधन-नियतकालिकं पुरवणारं, ‘शोधगंगे’त प्रबंध साठवणारं. शाळेची खोली, संध्याकाळची देवघेव आणि मास्तर यांच्या वाट्याला असलं काही आलं नाही.

आता पेट्या मोबाइलमधून येतात. 2017 मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं व्यासपीठ सुरू केलं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की धडा, चित्रफीत, सराव समोर येतो. 2018 मध्ये आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सगळ्या देशासाठी खुलं झालं. तिथे शालेय पुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत कोट्यवधी नोंदी एका शोधपेटीत सापडतात. बडोद्याच्या पेटीत फार तर तीस पुस्तकं होती, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवणारा माणूस गावातच होता. सातवीच्या मुलीला विजेबद्दल मराठीत काही हवं असेल तर कोट्यवधी नोंदींतून नेमकं काय काढून द्यायचं, कुठली चित्रफीत चुकीची, कुठलं पुस्तक तिच्या वयाचं, हे सांगायला शाळेत कोणाचा हात मोकळा असतो? त्यासाठी शोधशब्द निवडता यावे लागतात, परवाना पाहून काय उतरवून घेता येईल ते कळावं लागतं, इंटरनेट नसलेल्या शाळेत पुस्तकं आधीच उतरवून ठेवावी लागतात. हे आठवडाभराच्या वर्गात शिकवता येतं, आणि तो वर्ग पदवीधर ग्रंथपालापुरता ठेवण्याची गरज नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वाचनालय असावं असं म्हटलं आहे: वर्तमानपत्र, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. त्याच अनुसूचीत किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक, सहावी ते आठवीच्या वर्गांना कला आणि आरोग्य-शारीरिक शिक्षणाचे अर्धवेळ शिक्षक केव्हा, हेही मोजून दिलं आहे. ग्रंथपालाचं नाव त्यात नाही. त्यामुळे आजही बऱ्याच प्राथमिक शाळांत कपाट एखाद्या शिक्षकाकडेच सोपवलेलं असतं, मोतीभाईंच्या काळासारखंच. त्या मास्तरांसाठी दरबाराने वर्ग भरवले होते, नियतकालिक काढलं होतं आणि खात्यात विचारायला माणूस ठेवला होता. आजच्या शिक्षकाला क्यूआर कोड मिळतो आणि किती जणांनी तो वापरला याचा तक्ता भरायला मिळतो.