मस्तिष्क नीला-कोटर अंतर्क्लथन
(इतिहास व अंतर्वाहिनी उपचार)

मेंदूतील अशुद्ध रक्त दृढतानिका या बाह्य आवरणातील नीला-कोटर नावाच्या रुंद वाहिन्यांत गोळा होते व मानेतील नीलांवाटे हृदयाकडे जाते. तेथे रक्ताची गुठळी झाल्यास निचरा अडतो, कवटीतील दाब वाढतो आणि तीव्र डोकेदुखी, वांत्या, अंधुक दृष्टी, झटके, अर्धांगवात व ग्लानी ही लक्षणे उद्‌भवतात. रोहिणीतील अडथळ्याने होणाऱ्या पक्षाघातापेक्षा हा विकार विरळा असला, तरी तो बहुधा तरुण वयात होतो.

फ्रान्समधील रीब यांनी १८२५ मध्ये एका पुरुष रुग्णात या विकाराचे प्रथम वर्णन केले. दीर्घकाळ त्याचे निश्चित निदान बहुधा शवविच्छेदनातच होई. वाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण, संगणकीय छेदचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण यांमुळे ते रुग्णाच्या हयातीत होऊ लागले.

भारतात हा विकार मुख्यत्वे सूतिकावस्थेशी निगडित मानला गेला. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गर्भावस्था व सूतिकावस्थेतील १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर रक्ताची क्लथनक्षमता वाढलेली असते. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याच्या चालीमुळे होणारे निर्जलीभवन तीत भर घालते, असे अनेक तज्ञांचे मत आहे. मात्र हा केवळ बाळंतिणींचा रोग नव्हे. मुंबईतील ६१२ रुग्णांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुषांची संख्या स्त्रियांहून अधिक होती.

मेंदूत रक्तस्राव होईल या भीतीने हेपारीन हे क्लथनरोधी औषध देण्यास वैद्य कचरत. जर्मनीत २० रुग्णांवर झालेल्या चाचणीने (१९९१) ते हितकर असल्याचे दाखविले. बंगलोर येथे सूतिकावस्थेतील ५७ रुग्णांवर झालेली चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आज मेंदूत रक्तस्राव झालेला असला, तरी हेपारीन हाच पहिला उपचार होय.

गुठळी थेट विरघळविण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. १९८८ मध्ये कवटीला छिद्र पाडून कोटरात यूरोकायनेज सोडण्यात आले. पुढे जांघेतील नीलेतून बारीक नळी कोटरापर्यंत नेऊन औषध सोडणे, फुग्याने मार्ग रुंदावणे, गुठळी शोषून घेणे व जाळीदार साधनाने ओढून काढणे या पद्धती आल्या. वाट मोकळी झाली की रोगी बरा होईल, हे अनुमान स्वाभाविक होते. परंतु ते तुलनात्मक चाचणीने पडताळलेले नव्हते. नेदर्लंड्‌स, चीन व पोर्तुगाल येथील अशी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६७ गंभीर रुग्ण होते. वर्षअखेर चांगली स्थिती अंतर्वाहिनी उपचारांच्या गटात ६७ टक्के, तर केवळ औषधोपचारांच्या गटात ६८ टक्के रुग्णांची होती. लाभ दिसण्याचा संभव न उरल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबविली गेली.

रुग्णसंख्या लहान असल्याने हा निर्णय अंतिम मानता येत नाही. म्हणून हेपारीन देऊनही प्रकृती ढासळत असेल, अशा निवडक रुग्णांतच अंतर्वाहिनी उपचार योजतात. दाबामुळे मेंदूचा भाग सरकू लागल्यास कवटीचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया प्राण वाचवू शकते. बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी किंवा झटका यांची तत्काळ तपासणी होणे, हे यांपैकी कोणत्याही उपचाराच्या यशासाठी अत्यावश्यक आहे.