टीप: ४७० सामने

लेखकाने इथे ‘कधी हरलीच नाही’ असे लिहिले आहे. ते शब्दशः घेऊ नये. नेदरलँड्सची व्हीलचेअर टेनिसपटू एस्तर व्हर्जिर (डच उच्चार ‘फरखेर’च्या जवळचा, मूळ मजकुरातले रूप तसेच ठेवले आहे) जानेवारी २००३मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएला दी तोरोकडून एकेरीत हरली होती. त्यानंतर फेब्रुवारी २०१३मध्ये निवृत्ती जाहीर करेपर्यंत मात्र एकेरीत सलग ४७० विजय. तिचा जन्म १९८१चा. मज्जारज्जूभोवतीच्या रक्तवाहिन्यांतील दोषावर आठव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून पाय लुळे पडले. एकेरीची पॅरालिम्पिक सुवर्णपदके चार: सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन.

व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, दुसरा कोर्टाबाहेर पडला तरी हरकत नाही. बाकी कोर्ट तेच, जाळे तेच, गुणांची मोजणीही तीच. रॅकेट हातात धरूनच चाके फिरवायची आणि वळायचे, ही खरी मेख; बाजूला उडी मारून चेंडू गाठण्याची सोय इथे नाही.

विजयांची ही माळ एकदा तुटता तुटता राहिली. २००८च्या बीजिंग अंतिम सामन्यात तिचीच देशभगिनी कोरी होमन हिच्याकडे मॅच पॉइंट होता. व्हर्जिरने तो वाचवला आणि तिसरा सेट टायब्रेकवर घेतला. प्रस्तुत संपादकाच्या मते ४७० या आकड्यापेक्षा हा एक गुण अधिक सांगून जातो. लेखकाने तो का गाळला, कळत नाही.