एक जादा प्रेत आणि शनिवारवाडा

यशवंतपूरच्या पोस्टिंगमधला हा लेख खुनाच्या तपासावर आहे.

एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल हा बाराव्या शतकातला वेल्श मठवासी. आधी क्रुसेडमध्ये लढलेला शिपाई. १९७७ पासून त्याच्यावर २० कादंबऱ्या आल्या, १९९४ ते १९९८ मध्ये १३ भागांची टीव्ही मालिकाही झाली. एका कथेत राजा ९४ कैद्यांना फाशी देतो. कॅडफेल प्रेतं मोजतो, तर ९५ भरतात. त्या एका जादा प्रेतासाठी तो राजासमोर उभा राहतो.

आपल्याकडे असा माणूस खरोखर होऊन गेला. ‘स्वामी’ मालिका थोरल्या माधवरावांच्या मृत्यूपाशी संपते. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात गारदी थकलेला पगार मागत शनिवारवाड्यात घुसले आणि १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी ठार केलं.

सगळ्यांना आठवतो तो आनंदीबाईंनी केलेला ‘ध’चा ‘मा’. पण तो मूळ कागद उपलब्ध नाही. फौजी माणसाला वेगळे प्रश्न पडतात. पगार कुणी थकवला? नजरकैदेतल्या राघोबादादांपर्यंत निरोप कसे पोहोचत होते? वाड्याच्या रखवालीतलेच लोक फितूर कसे झाले?

रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. तोवर राघोबादादा स्वतःच पेशवे झाले होते. शास्त्रीबुवांनी दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि पद सोडून पुणं सोडलं. हाताशी फौज नव्हती, होता तो फक्त निकाल. पुढे बारभाईंनी राघोबादादांना सत्तेवरून हटवलं आणि शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर बसले.

कटातले तुळाजी पवार आणि खरगसिंग पळून हैदर अलीच्या आश्रयाला आले. बंगळूर तेव्हा त्याच्याच ताब्यात होतं. शेवटी ते पुण्याच्या हवाली झाले.

१९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला. त्यातले रामशास्त्री गजानन जागीरदार. पुढे दूरदर्शनवरची ‘स्वामी’ मालिकाही त्यांनीच दिग्दर्शित केली. पण तपासाची गोष्ट म्हणून या खुनावर मालिका व्हायला हवी. ‘ध’चा ‘मा’ म्हटलं की सगळा दोष एका बाईवर आणि एका अक्षरावर जातो. पगार थकवणारे, फितूर झालेले आणि गादीवर बसलेले मात्र नामानिराळे राहतात. रामशास्त्र्यांनी तसं होऊ दिलं नाही.