ओव्याच्या फुलाची कुळकथा

ओव्याचं फूल हे फूल नव्हे. ओवा पाण्यात उकळून वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं, आणि ते तेल गारव्याला ठेवलं की त्यात काचेसारखे पांढरे खडे धरतात. तेच हे फूल. त्यात पुदिन्याचं फूल आणि कापूर घालून बाटली हलवत राहिलं, की तीन कोरड्या पदार्थांचं पाहता पाहता पाणी होतं. अमृतधारा म्हणतात ती हीच. पोट दुखलं की बत्ताशावर तिचे दोन थेंब मिळायचे, तो झणका जुन्या माणसांना आजही आठवतो.

आता तोच वास ब्रॉयलरच्या खाद्याच्या पोत्याला येतो. पोत्यावर नाव असतं थायमॉल.

युरोपात हे खडे थाइम नावाच्या वनस्पतीच्या तेलात सापडले. कास्पर नॉयमान या जर्मन औषधतज्ज्ञानं ते 1719 मध्ये वेगळे केले. इकडे पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांत दुकानदार ओव्याचे खडे ‘अजवाइन का फूल’ म्हणून विकत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनतज्ज्ञांनी दोन्ही तपासले. झाडं वेगळी, मुलूख वेगळे, खडा एकच!

पुढे अंकुशकृमीवर थायमॉल हे नावाजलेलं औषध ठरलं आणि ओवा जहाजांनी जर्मनीला जाऊ लागला. तिथे तेल काढून उरलेला चोथा गुरांना घालत. म्हणजे त्या काळी जनावराच्या वाट्याला चोथा यायचा आणि खडा माणसाच्या. 1914 च्या महायुद्धानं हा व्यापार तोडला.

कुळकथेतलं दुसरं घराणं अमेरिकेतलं आहे. लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड पिल्लांच्या खाद्यासाठी ब-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. प्रतिजैविक तयार करताना उरलेला लगदा त्यांनी पिल्लांना घातला, तर पिल्लं अपेक्षेपेक्षा झपाट्यानं वाढली. 1950 मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि निरोगी कोंबडीलाही रोज थोडं औषध चारायची रीत जगभर पडली. तिची किंमत नंतर कळली: औषधांना दाद न देणारे जंतू. स्वीडननं 1986 मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली, युरोपीय संघानं 1 जानेवारी 2006 पासून. भारतानं 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली.

रिकाम्या झालेल्या त्या जागेवर थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड येऊन बसले. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. बैलाचं पोट फुगलं की आपला शेतकरी ओवा-हिंग तेलात कालवून बांबूच्या नळकांड्यातून पाजायचा, पण ते दुखण्यापुरतं. रोजच्या दाण्यात टनाला शे-दोनशे ग्रॅम मिसळायची पद्धत आजीच्या बटव्यातली नाही, ती प्रतिजैविकांकडूनच आली. ‘नैसर्गिक’ हा शब्द पोत्यावर ठळक छापताना हे विसरलं जातं.

थायमॉल जंतूच्या तेलकट पापुद्र्यात शिरून त्याला गळका करतं. आतले क्षार बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो. काचेच्या बशीत हे हमखास दिसतं. शेडमध्ये निकाल डळमळतो, कारण पिकागणिक तेलातलं थायमॉल कमी-जास्त होतं, आणि पिल्लांना मुळात किती रोगाशी झुंजावं लागतंय तेही प्रत्येक शेडमध्ये वेगळं असतं.

शिवाय तेल उडून जातं. खाद्याच्या गोळ्या पाडताना लागणाऱ्या वाफेत काही जातं, काही पोत्यातून जातं, आणि पोटात पोचलेलं बरंचसं आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. जंतूंची खरी गर्दी असते पुढच्या भागात. म्हणून आता थेंबावर चरबीचं आवरण चढवतात. ते आतड्यात हळूहळू विरघळतं आणि तेल पुढे पोचतं. अशा मालाला वास मंद येतो. आवरणाचं म्हणून घेतलेलं पोतं उघडताच ओव्याचा भपकारा आला, तर तेल आतड्यात जाण्याआधीच हवेत निघालेलं असतं.