रिकाम्या जागेवरचं शहर : नवी मुंबईची गोष्ट



मुंबईहून पुण्याकडे निघालात की मानखुर्द मागे पडतं आणि ठाण्याची खाडी लागते. पूल ओलांडला की वाशी. तुम्ही इंदूरचे असा, बडोद्याचे असा किंवा हैदराबादचे, या पुलावरून एकदा तरी गेला असाल. पलीकडचं शहर आपल्याच हयातीत उभं राहिलं आणि आता त्यातल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायला सुरुवातही झाली आहे. म्हणून आज त्याची गोष्ट. पहिल्या वेळी काय घडलं ते माहीत असलं, तर दुसऱ्या वेळी काय विचारायचं ते कळतं.

१९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात एक प्रस्ताव छापून आला. मांडणारे तिघं होते : वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे, सगळी कचेरी दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं उत्तरेला; तर खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असं त्यांचं म्हणणं. शेतजमीन घ्यायची, रस्ते-पाणी आणायचं, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून शहर बांधायचं, असा हिशेब होता. १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर.

प्रस्तावात एक कळीची गोष्ट होती : राज्य सरकारनं आपलं मुख्य ठाणंच तिकडे हलवायचं. ते झालं नाही. मंत्रालय जागेवर राहिलं आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या. वाशीला घाऊक बाजार गेले, बेलापूरला कोकण भवन आलं. पण लोकल गाडी वाशीला पोहोचायला १९९२ साल उजाडलं. तोवर घर खाडीपलीकडे आणि नोकरी अलीकडे, अशी लोकांची ओढाताण चालू होती.

पण मंडळी, खरी चूक याहून जुनी होती. नकाशावर जी जागा मोकळी दिसत होती, तिथे ९५ गावं होती. आगरी आणि कोळी समाजाची गावं. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर जगणारी. जमीन गेली म्हणजे धंदाच गेला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच आंदोलकांचा बळी गेला. त्यानंतरच साडेबारा टक्क्यांची योजना आली : घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. या योजनेमागे पाच माणसांचं रक्त आहे. नियोजनाच्या इतिहासात ही ओळ नकाशाइतक्याच ठळक अक्षरांत लिहायला हवी.

आता पाण्याकडे येऊ. या शहराचा बराचसा किनारी भाग इतका सखल आहे, की मोठ्या भरतीला खाडीचं पाणी जमिनीपेक्षा वर चढतं. त्यात मुसळधार पाऊस आला तर पाणी जाणार कुठे? सिडकोनं त्यासाठी धारण तलाव बांधले. भरती चढली की तोंडावरची झाकणं पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात आणि पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की झाकणं उघडतात, पाणी खाडीत निघून जातं. ही डच पद्धत म्हणून सांगितली जाते. पण याच किनाऱ्यावरचा खारजमिनीचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काय करत होता? मातीचा बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि बांधात उघाडी बसवायची. भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी. तत्त्व तेच! ज्यांना हे पाणी कळत होतं, ते नकाशात मोजलेच गेले नव्हते.

पुढे तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण त्यामुळे गाळ काढणं न्यायालयाच्या परवानगीवर येऊन ठेपलं. बांधाची डागडुजी शेतकरी दरवर्षी करत असे. शहरानं तलाव बांधले, पण तो नेम मात्र घेतला नाही.

आणि आता पुनर्विकास. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींची छतं कोसळू लागली, काही धोकादायक ठरल्या. तिथल्या रहिवाशांना पक्कं घर मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. चार मजल्यांच्या जागी टोलेजंग मनोरा आला, तरी रस्ता, मैदान, गटार आणि धारण तलाव तेवढेच राहतात. शिरीष पटेल अनेक वर्षं हेच लिहीत होते : नुसते मजले मोजू नका, माणशी रस्ता किती, मैदान किती, ते मोजा. आणि मूळ गावठाणांत वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरं कायदेशीर की बेकायदा, हा वाद वर्षानुवर्षं ताटकळत पडला. नव्या मनोऱ्याला वाढीव मजले मिळतात आणि मूळ मालकाच्या नातवाची खोली मात्र अतिक्रमण ठरते, तर मग आपण १९७० पासून शिकलो काय?

टिकाऊ पुनर्विकास म्हणजे छतावर सौर पट्ट्या आणि अंगणात चार झाडं एवढंच नाही. आधी कोण राहत होतं, पाणी कुठून जात होतं आणि त्याची देखभाल कोण करत होतं, याची नोंद नकाशात आधी आली पाहिजे, मनोरे त्यानंतर.

तुमच्याही शहरात असे नकाशे लागत असतील. पुढच्या वेळी त्यातली पांढरी, मोकळी दिसणारी जागा जरा निरखून बघा. तिथे कोणीतरी राहत असेल.

भेटू पुढच्या भागात.