गार पडेल का? एका जुन्या वादाचा मागोवा

फेब्रुवारी उजाडतो तेव्हा बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगरच्या शिवारात बरेच काही एकाच वेळी उघड्यावर असते. साखर कारखान्याचे गाळप ऐन भरात असते. ऊसतोड टोळ्या फडात असतात आणि त्यांचे संसार पाचटाच्या कोप्यांत. गहू ओंबीत आलेला, हरभऱ्याचे घाटे भरलेले, ज्वारी काढणीला टेकलेली. तिकडे इंदापूरच्या बाजूला द्राक्षांत साखर उतरत असते. अशा दिवसांत एखाद्या सकाळी आभाळ येते, दुपारी वारे पडते, अवेळी उकडू लागते आणि टपरीवर, पारावर, वजनकाट्याच्या रांगेत एकच वाद सुरू होतो. गार पडेल की नाही?

वारे उगवतीचे झाले, आता काही खरे नाही, असे एकजण म्हणतो. दुसरा मोबाइलवरचा रंगीत नकाशा पुढे करून ढग नगरकडे सरकतोय असे सांगतो. तिसऱ्याला आदल्या रात्री चंद्राभोवती खळे दिसलेले असते. यातले कोणी हवामानशास्त्र शिकलेले नसते, पण प्रत्येकाचे रान या प्रश्नाला बांधलेले असते. गारपीट बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. तेवढ्यात द्राक्षाचा हंगाम हातचा जातो. म्हणून हा वाद इतक्या पोटतिडकीने होतो, आणि म्हणूनच त्याचा वंश शोधण्याजोगा आहे.

आधी एक खुलासा. बारामती समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटर उंच. इथे हिमवर्षाव होत नाही, पण ढगाच्या वरच्या भागात बर्फ नेहमीच असतो. आपल्याकडे शून्य अंश तापमानाची पातळी साधारण साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर असते. हिमाचा फुलोरा सेकंदाला मीटर-दीड मीटर वेगाने तरंगत उतरतो आणि त्या पातळीखाली काही शे मीटरांतच वितळून पाऊस होतो. गारेचे तसे नाही. जोरदार उभ्या वाऱ्यावर ती ढगात पुन्हा पुन्हा झेलली जाते, तिच्यावर गोठणबिंदूखालचे थेंब आदळून थरावर थर चढतात. दोन सेंटिमीटरची झाली की ती ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने कोसळते आणि उबदार हवेचा तो पट्टा तीन-चार मिनिटांत ओलांडते. वितळायला तिला सवडच मिळत नाही. दर थंडीत महाबळेश्वरला बर्फ पडल्याची बातमी येते, तेही आकाशातून पडलेले हिम नसते. वेण्णा तलावाच्या काठी निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, पाने हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावरचे दव गोठते. मैदानी महाराष्ट्रात आकाशातला बर्फ जमिनीला शिवतो तो गारेच्याच रूपाने.

या बर्फाचा अंदाज बांधण्याची आपल्याकडची जुनी लेखी खूण वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सापडते. सहाव्या शतकातल्या या ग्रंथात मेघांच्या गर्भधारणेवर स्वतंत्र अध्याय आहे. मार्गशीर्षापासून आभाळात दिसणारी लक्षणे म्हणजे पावसाचा गर्भ, आणि तो १९५ दिवसांनी प्रसवतो, असे हे शास्त्र. म्हणजे हिवाळ्यातले आभाळ रोज पाहायचे आणि त्यावरून पुढचा पावसाळा ओळखायचा. गारेचे कारणही तिथे दिले आहे. वेळेवर न बरसलेला गर्भ पुढच्या गर्भकाळात गारांसह पाणी देतो. गायीचे दूध फार काळ तुंबून राहिले की घट्ट होते, तसे पाणीही वेळ टळल्याने कठीण होते, असा वराहमिहिराचा खुलासा. आजच्या शास्त्रात तो टिकत नाही. तरीही त्यामागे रोज मान वर करून पाहणारा माणूस आहे आणि हिवाळ्यातले आभाळ व गार यांचा संबंध त्याने पक्का हेरलेला आहे.

त्याहून जुना एक धागा ‘अर्थशास्त्रा’त आहे. कौटिल्य धान्यकोठाराच्या अधिकाऱ्याला पाऊस मोजण्यासाठी एक अरत्नी, म्हणजे हातभर रुंद तोंडाचे कुंड बसवायला सांगतो. मग कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस, याची यादी देतो. गोदावरीच्या अश्मक देशाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस, आणि अपरान्त म्हणजे कोकणाला मोजता येणार नाही इतका. पाऊस मोजायचा तो पेरणी आणि सारा ठरवण्यासाठी. वराहमिहिराने आभाळ वाचायला शिकवले, कौटिल्याने जमिनीवर आलेले मोजायला. आपल्या वादाचे हे दोन पूर्वज. पुढच्या पिढ्यांत पहिल्याचा वंश फोफावला. दुसऱ्याचा कोठारांत आणि कचेऱ्यांत राहिला.

पहिल्या वंशातले सर्वांत परिचित नाव म्हणजे सहदेव-भाडळी. वारे, ढगांचे रंग, पक्ष्यांचे वागणे, अमुक तिथीला पडलेली वीज यांवरून पाऊसपाण्याचे ठोकताळे बांधणाऱ्या ओव्या त्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्या. उत्तर हिंदुस्थानात असेच ज्ञान घाघ आणि भड्डरी यांच्या नावावर आहे. त्याच्या जोडीला पंचांग. मृगापासून पावसाची नक्षत्रे लागतात आणि प्रत्येकाचे वाहन ठरते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, बाकी उरेल त्यावरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस की गाढव ते सांगायचे. म्हैस किंवा बेडूक निघाले की आजही गावात समाधान पसरते. पण पावसाची ही नक्षत्रे स्वातीपाशी आटोपतात. माघ-फाल्गुनातल्या गारेला वाहन नाही. वर्षाच्या सर्वांत धोक्याच्या दहा मिनिटांसाठी पंचांगात जागाच नव्हती.

ती जागा विदर्भात एका माणसाने भरून काढली. नागपूर प्रांतात आणि वऱ्हाडात गारपगारी नावाचा गावसेवक असे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. नाथजोग्यांशी नाते सांगणाऱ्या या लोकांचे काम एकच, गार गावावरून टाळणे. आभाळाचा रंग पाहून तो धोका ओळखी, मारुतीपुढे उभा राहून ढग पांगवण्याचे विधी करी आणि सुगीला शेतकऱ्यांकडून धान्य घेई. त्याच्या सामर्थ्यावरचा विश्वास ओसरू लागल्याने त्याचे उत्पन्न घटत चालल्याचेही त्या ग्रंथात म्हटले आहे. विधी बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. गावाने आभाळ पाहण्यासाठी एक माणूस नेमला होता आणि त्याला त्याबद्दल धान्य दिले जात होते. आकाशावर पाळत ठेवणे हे गावचे काम आहे, ही समज त्या व्यवस्थेत होती.

गार टाळण्याची आस केवळ आपलीच नव्हती. ऑस्ट्रियाच्या श्टायरिया प्रांतात अल्बर्ट श्टीगर या द्राक्षबागायतदाराने १८९६ मध्ये ढगांवर धुराची वर्तुळे सोडणाऱ्या तोफा उभारल्या. थोड्याच वर्षांत इटलीच्या द्राक्षमळ्यांत अशा हजारो तोफा धडाडू लागल्या. मग सरकारी पातळीवर चाचण्या झाल्या, तोफांच्या पट्ट्यातही गारा पडल्या आणि ती लाट ओसरली. तिथे वादाचा निकाल लागला तो कुठे, केव्हा, किती गार पडली हे लिहून ठेवल्यामुळे.

आपल्याकडे लिहून ठेवण्याचा वंश पुन्हा जोर धरतो तो एकोणिसाव्या शतकात. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक आले, सकाळच्या ठरल्या वेळी आकडा वहीत चढू लागला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पाणी मोजणे हा या पट्ट्याच्या जगण्याचाच भाग झाला. १९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

त्याच पुण्यात १९३२ मध्ये शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तो उभारणारे एल. ए. रामदास. निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीलगत असते, असे जगभर मानले जात होते. रामदासांनी उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला तापमान मोजले, तेव्हा ती काही वेळा जमिनीपासून वीतभर-हातभर वर आढळली. परदेशी शास्त्रज्ञांनी सुरुवातीला यावर विश्वास ठेवला नाही. आज हा थर रामदासांच्याच नावाने ओळखला जातो. पिकाचे हवामान पिकाच्या उंचीवर उतरून मोजायला हवे, हा त्यांच्या कामाचा गाभा. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आकाशवाणीवरून जाऊ लागली आणि पारावरच्या वादात पुण्याचा आवाज मिसळला.

नंतरचा पल्ला झपाट्याने कापला गेला. उपग्रह आले, डॉप्लर रडार आले. पश्चिमी झंझावात उत्तरेकडून जाताना त्याची थंड हवा वरच्या थरात दक्षिणेपर्यंत उतरते, खाली बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प येते, आणि दोन्हींची गाठ पडली की आपल्याकडे उंच ढग उभे राहतात, हे दोन-तीन दिवस आधी सांगता येऊ लागले. उगवतीचे वारे झाले की काही खरे नाही, या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात किती तथ्य होते हेही त्यातून कळले. २०१७ पासून राज्याच्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. प्रत्येकाच्या खिशात नकाशा आला, गटागटांतून अंदाज फिरू लागले. वाद मात्र मिटला नाही.

तो मिटत नाही याचे कारण अंदाजाच्या भाषेतच आहे. हवामान विभाग ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतो, तेव्हा त्याचा ठरलेला अर्थ त्या क्षेत्रातील २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी असा असतो. पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट, हा इशारा निंबूतला गार पडून आणि करंज्यात ऊन राहूनही पूर्ण खरा ठरतो. गारेचा पट्टा बऱ्याचदा काही किलोमीटरच रुंद असतो. बांधापलीकडचे रान वाचते. त्यामुळे पडेल म्हणणारा आणि पडणार नाही म्हणणारा, दोघेही संध्याकाळी आपापल्या गावात बरोबर ठरतात, आणि पुढच्या आभाळाला वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने अलीकडच्या काळातली सर्वांत मोठी गारपीट पाहिली. एकामागून एक दिवस गारा पडत राहिल्या, राज्याचा मोठा भाग त्यात सापडला, रब्बी आणि फळबागा आडव्या झाल्या. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, गार यांचा पिकांवरचा ताण हाच तिचा विषय. त्या वर्षी संस्थेने गारपिटीची कारणे, नुकसान आणि गारपिटीनंतरचे पीक व्यवस्थापन यांवर पुस्तिका काढली. आपल्या परिसराजवळ गारेचा असा शास्त्रीय अभ्यास झाला, ही या वंशावळीतली अभिमानाची नोंद आहे.

पण अभ्यासाला कच्चा माल लागतो, आणि तिथे मोठी पोकळी आहे. पर्जन्यमापक वितळलेले पाणी मोजतो. गार किती मोठी होती, किती मिनिटे पडली, कुठून कुठे सरकली, हे त्याला कळत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकालाही गार आणि सर यांतला फरक समजत नाही. गार टिपायला अजूनही माणूसच लागतो. पंचनाम्यात पिकाचे नुकसान येते, गारेचे मोजमाप क्वचितच येते. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये आली, तेव्हा गारपीट ही स्थानिक आपत्ती धरून नुकसान ४८ तासांत कळवण्याची अट होती. अशा वेळी तारीख, वेळ आणि फोटो ज्याच्या हाताशी, त्याची बाजू भक्कम.

हौशी माणसे हे काम करू शकतात, याचा पुरावा इतरत्र आहे. जी. जे. सायमन्स यांनी १८६० पासून इंग्लंडमध्ये पाऊस मोजणारे स्वयंसेवक जमवायला सुरुवात केली. १९०० मध्ये ते वारले तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे होती. अमेरिकेच्या कोलोरॅडोमध्ये १९९७ च्या पुरानंतर पुढच्याच वर्षी असे जाळे उभे राहिले. तिथले लोक पर्जन्यमापकाबरोबर गारपाटीही ठेवतात. पाटी म्हणजे थर्माकोलसारखा तुकडा आणि त्यावर गुंडाळलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद. गार पडली की कागदावर खळगे उमटतात. त्यांच्या आकारावरून आणि संख्येवरून गार किती मोठी आणि किती दाट होती ते कळते.

सोमेश्वरनगरच्या पंचक्रोशीत हे सहज होण्याजोगे आहे. शाळेच्या गच्चीवर एक पाटी, सोसायटीच्या आवारात एक, प्रत्येक वाडीवर एखाद्या बागायतदाराच्या शेडवर एक. सोबत साधी वही. तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटे, सर्वांत मोठी गार पट्टीवर किती मिलिमीटर, ढग कोणीकडून आला, वारे कसे होते. गार अपेक्षित होती आणि पडली नाही, तर तेही लिहायचे, कारण हुकलेल्या अंदाजाची नोंद बरोबर आलेल्या अंदाजाइतकीच मोलाची असते. उगवतीचे वारे, चंद्राचे खळे, मोबाइलवरचा नकाशा, ज्याचे जे लक्षण असेल ते आदल्या रात्री वहीत उतरवायचे. दहा हंगामांनंतर कोणते लक्षण किती वेळा खरे ठरले, हे मोजून सांगता येईल.

सहदेव-भाडळीच्या ठोकताळ्यांची खरी-खोटी बाजू आपल्याला कळत नाही, कारण त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. गारपगाऱ्याकडे आभाळाची नजर होती, वही नव्हती. आपल्याकडे दोन्ही असू शकतात. गार थांबवणे कोणाच्या हाती नाही, पण द्राक्षबागेवर जाळी टाकायची की नाही, कोपीवर ताडपत्री आजच ओढायची की नाही, तयार हरभरा दोन दिवस आधी उपटायचा की नाही, हे निर्णय आपल्याच हाती आहेत, आणि ते आपल्या शिवाराच्या नोंदींवर घेता आले तर ते अधिक वेळा बरोबर येतील. वाद घालणाऱ्यांनी वाद जरूर घालावा, फक्त आपला अंदाज आदल्या दिवशी लिहून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्यापुढे काय घडले तेही लिहावे. पुढच्या आभाळाच्या आत हे काम सुरू व्हायला हवे.